लैंगिक आरोग्य शिक्षक व्हायचे आहे : विदर्भातल्या गावात राहून पदव्युत्तर प्रशिक्षण कसे उभारावे

"लैंगिकता शिक्षणाची पदव्युत्तर पदवी कोठे मिळते?" हा प्रश्न यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या तरुण शिक्षिका, परिचारिका आणि समाजकार्याचे विद्यार्थी मला दर वर्षी विचारतात, बहुधा निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात. माझे उत्तर ऐकून त्यांचा हिरमोड होतो. डॉक्टरांची वैद्यक परिषदेकडे किंवा परिचारिकांची परिचर्या परिषदेकडे जशी नोंदणी होते, तशी लैंगिक शिक्षकांची कोणतीही वैधानिक नोंदणी भारतात नाही. त्यामुळे अमुक पदवी घेतली की झाले, असा रस्ताही नाही. अमेरिकेत या क्षेत्राची व्यावसायिक संघटना १९६७ पासून आहे आणि ती शिक्षक, समुपदेशक व थेरपिस्ट यांना वेगवेगळी प्रमाणपत्रे देते. ऑस्ट्रेलियात पर्थच्या कर्टिन विद्यापीठात सेक्सॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण अनेक वर्षे दिले गेले आहे. आपल्याकडच्या माणसाला मात्र आपले प्रशिक्षण तुकड्यातुकड्यांनी उभारावे लागते : एक पायाभूत पदवी, तिच्यात नसलेल्या विषयांची भरपाई, स्वतःच्या मनातल्या अढींवरचे काम, गावाची भाषा आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली घेतलेली सत्रे. हे सारे पगाराची नोकरी किंवा घरची शेती सांभाळून साधारण तीन वर्षांत होऊ शकते. ते कोणत्या क्रमाने करावे, हे पुढे सांगितले आहे.

आधी आपली हद्द ठरवा

शिक्षक माहिती देतो, गैरसमज दूर करतो, प्रश्न विचारण्याची वाट मोकळी करतो आणि योग्य ठिकाणी पाठवतो. तो निदान करत नाही, औषध सुचवत नाही आणि जोडप्याच्या शय्यागृहातल्या अडचणी महिनोन्‌महिने हाताळत बसत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ॲनन यांनी १९७६ मध्ये मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत हद्द ओळखायला फार उपयोगी पडते. बोलण्याची मोकळीक देणे ही तिची पहिली पायरी, मर्यादित माहिती देणे ही दुसरी, त्या व्यक्तीपुरती नेमकी सूचना करणे ही तिसरी आणि सखोल उपचार ही चौथी. शिक्षकाचे काम पहिल्या दोन पायऱ्यांवर चालते. तिसरीवर प्रशिक्षित समुपदेशक किंवा डॉक्टर असतो आणि चौथीवर तज्ज्ञ. गावात दुसरे कोणी नाही म्हणून शिक्षकच हळूहळू चौथ्या पायरीवर चढतो, हे मी पुष्कळदा पाहिले आहे आणि त्यात भले कोणाचेच होत नाही.

ही हद्द ठरली की पायाभूत पदवी निवडणे सोपे जाते. समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी हा विदर्भातला सर्वांत हाताशी असलेला मार्ग आहे, कारण तिच्यात आठवड्यातून ठरावीक दिवस क्षेत्रकार्य असते आणि ते आपल्या विषयाकडे वळवता येते. परिचर्या किंवा आयुर्वेदाची पदवी असणाऱ्यांनी सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करावा. शिक्षकांसाठी स्त्री-अभ्यास किंवा लिंगभाव-अभ्यास (जेंडर स्टडीज) हा चांगला पर्याय ठरतो. तो इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून दूरस्थ पद्धतीने करता येतो आणि त्या विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र नागपूरला आहे. मुंबईला जाऊन राहणे शक्य असेल, तर टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था येथील अभ्यासक्रम पाहावेत. मानसशास्त्राबाबत एक सावधगिरी बाळगावी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५-२६ पासून मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली आहे, त्यामुळे जुन्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरू नयेत. 'सहा दिवसांत प्रमाणित सेक्सॉलॉजिस्ट' अशा जाहिरातींविषयी काही लिहिण्याची गरज नसावी, पण दर वर्षी कोणीतरी त्यात फसतेच.

पदवीतल्या रिकाम्या जागा शोधा

प्रवेश घेतल्यावर पहिल्या महिन्यातच एक काम करावे. युनेस्कोने लैंगिकता शिक्षणासाठी आंतरराष्ट्रीय तांत्रिक मार्गदर्शिका २००९ मध्ये काढली आणि २०१८ मध्ये सुधारली. तिच्यात आठ मुख्य संकल्पना आहेत : नातेसंबंध; मूल्ये, हक्क, संस्कृती आणि लैंगिकता; लिंगभाव; हिंसा आणि सुरक्षितता; आरोग्यासाठी लागणारी कौशल्ये; शरीर आणि त्याची वाढ; लैंगिकता आणि लैंगिक वर्तन; लैंगिक व प्रजनन आरोग्य. या आठ संकल्पना वहीत उभ्या लिहाव्यात आणि प्रत्येकीसमोर आपल्या अभ्यासक्रमात तिचे काय शिकवले जाणार आहे, ते लिहावे. समाजकार्याच्या विद्यार्थ्याची शरीराची जागा रिकामी राहते. परिचारिकेला गर्भनिरोधकांचे सर्व प्रकार तोंडपाठ असतात, पण संमती आणि हक्क या रकान्यांत लिहायला काही नसते. शिक्षणशास्त्राच्या पदवीधराला वर्ग हाताळता येतो, मात्र लिंगसांसर्गिक आजारांची लक्षणे सांगता येत नाहीत.

भरपाईसाठी फार लांब जावे लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा 'तारुण्यभान' हा युवकांसाठीचा कार्यक्रम आहे, आणि ही सत्रे कशी बांधलेली असतात ते मागे बसून पाहणे हे एखाद्या सत्रपरीक्षेइतके मोलाचे आहे. दिल्लीची 'तारशी' ही संस्था १९९६ पासून लैंगिकतेच्या विषयात काम करते आणि तिचे ऑनलाइन अभ्यासक्रम गावात राहून करता येतात, फक्त ते इंग्रजीत असतात. पुण्याच्या 'तथापि' संस्थेने शरीरसाक्षरतेचे साहित्य मराठीत तयार केले आहे. शरीराचा आणि आजारांचा भाग शिकण्यासाठी मात्र जिल्हा रुग्णालयाच्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये, म्हणजे लिंगसांसर्गिक आजारांच्या सरकारी चिकित्सालयात, रीतसर परवानगी घेऊन समुपदेशकाशेजारी काही दिवस बसावे. लक्षणांनुसार रंग ठरवलेले औषधांचे संच, जोडीदारालाही उपचारासाठी बोलावण्याची पद्धत आणि रुग्णाला प्रश्न विचारताना समुपदेशकाचा खाली येणारा आवाज, या गोष्टी पुस्तकात मिळत नाहीत.

स्वतःच्या अढी तपासा

परदेशी प्रशिक्षणात दृष्टिकोनाच्या फेरतपासणीसाठी वेगळे तास राखून ठेवलेले असतात. आपल्या पदव्यांत ते नसतात, म्हणून ते आपणच घालावे लागतात. माझी पद्धत अशी आहे की प्रशिक्षणार्थीने आठ आठवडे रोज रात्री अर्धे पान लिहावे : आज कोणत्या शब्दाला, बातमीला किंवा प्रसंगाला मी अवघडलो, हसलो किंवा चिडलो. हस्तमैथुन, लग्नाआधीचे संबंध, विधवेची इच्छा, समलिंगी आकर्षण, जातीबाहेरचे लग्न, तृतीयपंथी विद्यार्थी, यांपैकी प्रत्येकावर किमान एक पान व्हावे. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख २०१४ मध्ये मान्य केली आणि प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध २०१८ मध्ये गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, हे पाठ असणारा माणूसदेखील वर्गातल्या एखाद्या नाजूक चालीच्या मुलावर इतरांबरोबर हसतो. तो हसला की ते मूल त्या वर्गात पुन्हा कधी प्रश्न विचारत नाही. आठ आठवड्यांनी ती पाने आपल्या मार्गदर्शकाबरोबर वाचावीत. ज्याला ती दाखवायचीच नसतील त्याने निदान स्वतः मोठ्याने वाचावीत, कारण मोठ्याने वाचताना आवाज नेमका कोठे अडखळतो ते कळते.

शब्दांची वही

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा, असे माझे मत आहे, आणि ते एका फजितीतून बनले आहे. जिल्ह्यातल्या एका आश्रमशाळेत मी नववीच्या मुलांसमोर पहिले सत्र घेतले, तेव्हा 'वीर्यस्खलन', 'स्वप्नावस्था', 'जननेंद्रिये' असे शुद्ध शब्द मी न अडखळता उच्चारले आणि मुले शांत बसली, म्हणून मनातून खूश झाले. शेवटी चिठ्ठ्या गोळा केल्या. पहिल्याच चिठ्ठीत लिहिले होते : "धातू गेल्यावर रक्त कमी होते का?" त्याच प्रश्नाचे उत्तर मी वीस मिनिटे देत होते. ते त्या मुलापर्यंत पोचलेच नव्हते, कारण त्याचा शब्द मी एकदाही वापरला नव्हता. धातू जाण्याच्या या भीतीला 'धात सिंड्रोम' हे नाव मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये दिले. भारतीय उपखंडातल्या पुरुषांत ती इतकी पसरलेली आहे की तिच्यावरच गावोगावच्या भिंतींवरच्या 'गुप्तरोग' जाहिराती पोसल्या जातात. मुलाला आधी त्याच्या शब्दात सांगावे लागते की धातू रक्तापासून बनत नाही आणि झोपेत ती जाणे हा आजार नाही. 'वीर्य' हा शब्द त्यानंतर द्यावा.

म्हणून वहीत प्रत्येक गोष्टीसाठी तीन रकाने करावेत : पुस्तकातला शब्द, घरातला शब्द आणि शिवीतला शब्द. मासिक पाळीसमोर 'बाहेर बसणे', 'कावळा शिवणे', 'विटाळ' हे सारे यावेत. श्वेतप्रदरासमोर 'पांढरे पाणी जाणे' यावे. तिसरा रकाना भरताना प्रशिक्षणार्थी लाजतात, पण मुलांना बहुतेक शब्द त्याच रकान्यातून मिळालेले असतात, आणि वर्गात तो शब्द आला तर न चिडता "हा शब्द मला माहीत आहे, आपण त्याच्याऐवजी हा वापरू" एवढे म्हणता आले पाहिजे. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीच्या दक्षिणेला माडिया आणि गोंडी बोलणाऱ्या गावांत वही मराठीत भरून चालत नाही. तेथे गावातल्या आशाताईला किंवा जुन्या दाईला मानधन देऊन शेजारी बसवावे, आणि दुभाषा म्हणून शाळेतला मुलगा कधीही वापरू नये. मराठीत या विषयावर नेमके आणि निर्भीड कसे लिहावे, हे पाहायचे असेल तर र. धों. कर्वे यांच्या, १९२७ ते १९५३ या काळातल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे अंक चाळावेत. त्यातली काही मते आज पटणार नाहीत, पण वाक्ये सरळ आहेत.

शब्द नसला की आजारही दिसत नाही, याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच भागातला आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांमधल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून बंग दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा काही ना काही त्रास होता आणि पूर्वी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. हा निबंध मुळातून वाचावा. पांढरे पाणी जाणे हे बाईच्या नशिबातच आहे असे मानणाऱ्या गावात आपण कोणत्या प्रश्नाने सुरुवात करणार, हे तो वाचल्यावर ठरवणे सोपे जाते.

परवानगी आणि हंगाम

२००५ मध्ये सुरू झालेला शाळांतला पौगंडावस्था शिक्षण कार्यक्रम २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत वादात सापडून थांबला. आक्षेपांमध्ये साहित्यातल्या चित्रांचा मोठा वाटा होता. त्यातून मी एक नियम घेतला : जे चित्र वर्गात दाखवायचे आहे, ते आधी पालकसभेत दाखवावे. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी गटशिक्षणाधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समिती, आश्रमशाळेसाठी आदिवासी विकास प्रकल्प अधिकारी, अशी लेखी परवानगी घ्यावी आणि तिची प्रत सत्राच्या दिवशी पिशवीत असावी. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ पासून १० ते १९ वयोगटासाठी चालू आहे आणि २०२० पासूनच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून तयार करायचे आहे. अर्जात या दोन कार्यक्रमांचा उल्लेख केला की आपण काही नवेच खूळ घेऊन आलेलो नाही, हे अधिकाऱ्याला पटते.

क्षेत्रकार्याचे वेळापत्रक विद्यापीठाच्या दिनदर्शिकेवरून न आखता पिकावरून आखावे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, दिवाळीनंतर कापूस वेचणीला मुली घरी राहतात, आणि मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले व मेमध्ये तेंदूपाने जंगलाच्या कडेची गावे रिकामी करतात. जुलै ते ऑक्टोबर हाच काळ खात्रीचा.

देखरेखीखालची सत्रे

पदवीच्या क्षेत्रकार्याखेरीज किमान चाळीस सत्रांचा हिशेब ठेवावा, असे मी सांगते. पहिल्या दहांत फक्त मागे बसून नोंदी घ्याव्यात, पुढच्या दहांत अनुभवी शिक्षकाबरोबर अर्धे सत्र घ्यावे आणि उरलेली वीस स्वतः घ्यावीत, मार्गदर्शक मागे बसलेला असताना. मार्गदर्शक दोन असावेत : एक आरोग्याच्या बाजूचा, उदाहरणार्थ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातल्या किशोरवयीनांसाठीच्या 'मैत्री क्लिनिक'चा समुपदेशक, आणि एक शिकवण्याच्या बाजूचा.

चिठ्ठ्यांच्या डब्याची रीत तपशिलात सांगते तशी पाळावी, कारण ती निम्मी पाळली तर घात करते. सर्वांना एकाच आकाराचे कागद आणि एकाच रंगाच्या पेन्सिली द्याव्यात. प्रश्न असो वा नसो, प्रत्येकाने काहीतरी लिहायचेच. प्रश्न नसेल तर कवितेच्या चार ओळी उतरवायच्या. असे केले नाही तर कोण लिहीत आहे हे शेजाऱ्याला दिसते आणि पुढच्या वेळी डबा रिकामा येतो. चिठ्ठ्या वर्गात लगेच वाचू नयेत. त्या संध्याकाळी मार्गदर्शकाबरोबर उघडून वाटण्या कराव्यात : उद्या सर्वांसमोर उत्तर देण्यासारख्या, डॉक्टरकडे पाठवण्यासारख्या आणि अत्याचाराचा संशय घेण्यासारख्या. तिसऱ्या वाटणीतली एक चिठ्ठी पन्नास चिठ्ठ्यांत हरवू शकते, म्हणूनच दोघांनी मिळून वाचायचे.

विदर्भातल्या सत्रांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विषय टाळता येत नाही, कारण लग्न ठरवताना तो समोर येतोच. आई-वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसले तरी आजाराचा एक जनुक बाळगणारे, असतील तर प्रत्येक गर्भाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. हे वाक्य ऐकून मुले 'चौथे मूल आजारी निघेल' असे समजतात. दोन वाट्या घ्याव्यात, एक आईची आणि एक वडिलांची, प्रत्येकीत एक तुरीचा (आजाराचा जनुक) आणि एक हरभऱ्याचा (निरोगी जनुक) दाणा ठेवावा, डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा उचलायला लावावा, फळ्यावर नोंद करावी आणि दाणे परत ठेवावेत. कधी पहिल्याच वेळी दोन्ही तुरी निघतात, कधी दहा वेळांत एकदाही निघत नाहीत. 'प्रत्येक वेळी नव्याने' म्हणजे काय, ते मुलांना तेव्हा कळते.

गुप्तता आणि कायदा

माझ्या कामाच्या तिसऱ्या वर्षी मी एका सत्राच्या सुरुवातीला नेहमीप्रमाणे म्हणाले, "इथे बोललेले इथेच राहील." सत्रानंतर एक मुलगी थांबली आणि घरातल्या एका माणसाविषयी तिने जे सांगितले, ते मला माझ्यापाशी ठेवता येणार नव्हते. तसे तिला सांगितल्यावर ती एवढेच म्हणाली, "मॅडम, तुम्ही तर म्हटलं होतं." तिला पुढे मदत मिळाली. माझे ते वाक्य मात्र चूक होते आणि ती चूक अज्ञानाची होती.

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, म्हणजे पॉक्सो, अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. अपराध घडल्याचे कळलेल्या किंवा घडेल अशी शंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ते स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अठरा वर्षांखालील संमती कायदा मानत नाही, म्हणून सतरा वर्षांच्या मुलीचे गावातल्याच मुलाशी राजीखुशीचे संबंध असले तरी हीच तरतूद लागू होते. गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये डॉक्टरांना एक सवलत दिली : अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केल्यास, पोलिसांना माहिती देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही सवलत डॉक्टरांसाठी आहे. ती शिक्षकाने स्वतःला लावून घेऊ नये, पण ती आहे हे ठाऊक असावे, कारण घाबरलेल्या कुटुंबाला भोंदूकडून नोंदणीकृत डॉक्टरकडे वळवताना ती सांगता येते.

आता मी सत्राच्या सुरुवातीला असे म्हणते : "तुम्ही सांगितलेले मी गावात, शाळेत किंवा घरी बोलणार नाही. पण तुम्हाला कोणी इजा करत असेल किंवा तुमच्या जिवाला धोका असेल, तर मदत मिळावी म्हणून मला काही ठरावीक लोकांना सांगावेच लागेल. कोणाला सांगणार, ते मी आधी तुम्हाला सांगेन." हे वाक्य प्रशिक्षणार्थीने पाठ करावे. फळ्याच्या कोपऱ्यात बालकांसाठीचा १०९८ आणि एचआयव्ही-एड्ससाठीचा १०९७ हे क्रमांक लिहून सत्र संपेपर्यंत ते पुसू नयेत.

प्रबंध आणि कागदपत्रे

प्रबंधाचा विषय लहान घ्यावा. 'विदर्भातील किशोरवयीनांचे लैंगिक ज्ञान' असा विषय घेतला की चारशे प्रश्नावल्या भरून घेण्यात वर्ष जाते आणि हाती आधीच माहीत असलेले टक्के येतात. एका तालुक्यातल्या मुलींनी डब्यात टाकलेल्या प्रश्नांचे विश्लेषण, किंवा आशाताई गर्भनिरोधकांविषयी कोणत्या शब्दांत बोलतात, असे विषय पुढे कामाला येतात. अल्पवयीनांवरच्या संशोधनासाठी नैतिकता समितीची मान्यता, पालकांची लेखी संमती आणि मुलाची स्वतःची अनुमती लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे यासाठी वाचावीत, आणि चिठ्ठ्या संशोधनात वापरायच्या असतील तर ही संमती डबा फिरवण्याआधीच घ्यावी.

नोंदणी नसल्यामुळे आपली पात्रता कागदांवरूनच सिद्ध करावी लागते. पदवीबरोबर सत्रांचा तक्ता, दोन्ही मार्गदर्शकांच्या सहीची निरीक्षणे, परवानग्यांच्या प्रती आणि स्वतः बनवलेले साहित्य एका फायलीत लावावे. मुलांची नावे असलेला एकही कागद तिच्यात नसावा. आरोग्य विभागाच्या समुपदेशकाच्या जाहिरातींत पदवीचा विषय अचूक तपासला जातो, म्हणून प्रवेश घेण्याआधीच आपल्या जिल्ह्याच्या मागच्या दोन-तीन जाहिराती मिळवून त्यांतली पात्रतेची ओळ शब्दशः वाचावी. शब्दांची वही मात्र त्या फायलीत लावू नये. ती दर सत्राला पिशवीत लागते, आणि तिच्या तिसऱ्या रकान्यात दर पावसाळ्यात नव्या ओळी वाढत राहतात.